शांत मजल्यावरून तनयाची सुटका होणेबाबत

प्रति,
मा. सौ. वैजयंती पिंपळखरे-वुड,
निवास अधिकारी,
लार्कफील्ड हॉल (ऑनर्स प्रोग्रॅमच्या विद्यार्थ्यांचे निवासस्थान),
विद्यापीठ परिसर.

अर्जदार: अंबरीश चंद्रशेखर उकिडवे, राहणार वॉटफर्ड (लंडनजवळ), धंदा नोकरी, विद्यार्थिनीशी नाते: वडील.

विषय: कु. तनया अंबरीश उकिडवे हिला शांत मजल्यावरून काढून कोणत्याही अशांत मजल्यावर जागा देणेबाबत.

संदर्भ: १) ओपन डेच्या (विद्यापीठ पाहायला येण्याच्या) दिवशी चहाच्या टेबलापाशी आपले व अर्जदाराच्या कुटुंबाचे झालेले बोलणे.
२) आपण फोनवर "लेखी द्या" असे म्हणून फोन ठेवलात, तो प्रसंग.

महोदया,

वरील विषयास अनुसरून अर्जदार सविनय सादर करतो की,

१. अर्जदार आपणास अपरिचित नाही. निदान अर्जदाराच्या बाजूने तरी नाही. ओपन डेला आपल्या हातून दुधाचा जग कलंडला आणि आपण "अगं बाई!" म्हणालात. झाले! अर्जदाराची पत्नी डॉ. सुप्रभा हिने किटली पुन्हा उकळेपर्यंत आपले माहेर मिरजेचे, आपली मावशी कर्वेनगरला आणि त्याच सोसायटीत सुप्रभाची आतेबहीण, एवढे सगळे आपल्याकडून काढून घेतले. तेव्हापासून आमच्या घरी आपला उल्लेख 'आपल्या वैजयंतीताई' असा होतो. आपणास याची कल्पना नसावी. त्याच आपलेपणातून चिवड्याचा डबा पोस्टाने पाठवला होता. "स्टाफला भेटवस्तू घेता येत नाहीत" अशा चिठ्ठीसह तो आपण परत केलात. डबा सुखरूप पोचला. आतले शेंगदाणे कमी झाल्यासारखे वाटतात असे सुप्रभा म्हणते. अर्जदाराचे त्यावर काही म्हणणे नाही.

२. त्यानंतर अर्जदाराने आपणास फोन केला असता, मुलगी सज्ञान आहे, तिच्याविषयी फक्त तिच्याशीच बोलता येते, डेटा प्रोटेक्शनचा कायदा आहे, असे आपण सांगितलेत. अर्जदार म्हणाला की अहो ताई, त्या डेट्याला अंघोळ घालून शाळेत सोडणारा माणूस मीच. आपण हसलात असे अर्जदाराला वाटले, पण लाइन खराब होती. शेवटी आपण "बरं, काय असेल ते लेखी द्या" म्हणालात. "तुला कटवण्यासाठी त्या तसे म्हणाल्या," असे सुप्रभाचे मत आहे. परंतु अर्जदाराचे वडील कै. चंद्रशेखर उकिडवे हे सातारा जिल्हा परिषदेत आवक-जावक टेबलावरून निवृत्त झाले. त्यांच्या घरात वाढलेल्या माणसाला कुणी 'लेखी द्या' म्हटले, की त्याला अर्धे काम झाल्यासारखे वाटते. सबब हा अर्ज. तो मराठीत आहे, कारण इंग्रजीत अर्जदाराला ऑफिसचे काम जमते, गयावया करणे जमत नाही.

३. आता मूळ प्रकरण. तनया हिला आपल्या ऑनर्स प्रोग्रॅमची ऑफर आली, त्या दिवशी अर्जदाराने वॉटफर्ड परिसरातील झाडून साऱ्या मराठी मंडळींना फोन केले. ज्यांनी फोन उचलला नाही, त्यांना परत केले. या प्रोग्रॅमचा नियम असा, की पहिले वर्ष लार्कफील्डमध्येच राहिले पाहिजे. मुलगी घर सोडणार हे कळूनही अर्जदाराने तो नियम मोठ्या मनाने मान्य केला, कारण लार्कफील्ड घरापासून एका ट्रेनवर आहे. दुसरी ऑफर स्कॉटलंडमधील एका विद्यापीठाची होती. तिथे ऑनर्सचा वेगळा हॉल नाही, राहण्याची सक्ती नाही, आणि तिथवर डबा पोचेपर्यंत भाजीला बुरशी येईल.

तनयाने मात्र लार्कफील्ड पसंत केले ते ट्रेनमुळेही नाही आणि ऑनर्समुळेही नाही. ओपन डेला वरच्या मजल्यावरच्या सामाईक स्वयंपाकघरात कुणीतरी पॅनकेक करपवत होते, कुणीतरी ट्रंबोन वाजवत होते, म्हणजे वाजवायचा प्रयत्न करत होते, आणि मुलेमुली खिडकीच्या कठड्यावर बसून एकमेकांची टर उडवत होती. तनया दारात उभी राहिली आणि "इथे" एवढेच म्हणाली. अर्जदार त्या वेळी फायर एक्स्टिंग्विशरची तारीख वाचत होता. त्यामुळे त्या शब्दाचे गांभीर्य त्याच्या लक्षात आले नाही.

४. पुढे आपल्या कार्यालयाकडून राहण्याच्या सवयींविषयीची प्रश्नावली आली. तनया शनिवारी बेकरीत कामाला जाते. जाता जाता ती म्हणाली, "बाबा, माझी पासपोर्टची फोटो तुझ्या लॅपटॉपवर आहे, ती फक्त अपलोड कर." अर्जदाराने फोटो अपलोड केला. पण पान उघडेच होते आणि खाली सगळे रकाने रिकामे! वैजयंतीताई, आपण मिरजेच्या आहात, आपणास हे समजेल. रिकामा रकाना बघून पुढे जाणारा बाप आपल्याकडे अजून जन्मायचा आहे. तनयाचे बालवाडीपासूनचे सगळे फॉर्म अर्जदारानेच भरलेले आहेत. तिचा आवडता रंगही अर्जदाराने भरलेला आहे. तेव्हा त्याने सवयीने चहा घेतला, खुर्ची ओढली आणि तनयाच्या वतीने उत्तरे लिहिली.

तू रात्री केव्हा झोपतेस? लवकर. संगीत मोठ्याने लावतेस का? छे. मद्यपान? प्रश्नच उद्भवत नाही. स्वयंपाकघर किती वेळा साफ करतेस? प्रत्येक वापरानंतर, आणि अधूनमधून उगीचच. पाहुणे? फक्त आईवडील. स्वतःचे वर्णन तीन शब्दांत कर. शांत, स्वच्छ, शाकाहारी. वस्तुतः तनया दर रविवारी चिकन खाते आणि हाडे चोखते. पण दोन शब्द झाले होते, तिसरा सुचेना, आणि रकाना तर भरायला हवा होता.

५. त्यानुसार आपण तनयाला शांत मजल्यावरील फ्लॅटमध्ये तात्पुरती जागा दिलीत. उत्तरे जुळणाऱ्या मुलींना एकत्र ठेवण्याची आपली पद्धत उत्तमच आहे, तीत दोष नाही. ऑफर मिळालेल्यांच्या मेळाव्याला त्या फ्लॅटमधल्या साऱ्या मुली आणि त्यांचे आईवडील प्रथमच भेटले. प्रत्येक बापाच्या काखोटीला फाइल. बेसिंगस्टोकचे मुरलीधर अय्यंगार म्हणाले, आमची सिया पहाटे उठते. लंडनचे मिस्टर ओकोरो म्हणाले, आमची ग्रेस वाद्याला हात लावत नाही. अर्जदाराला वाटले, अहाहा, जगात अजून चांगली मुले शिल्लक आहेत! आणि तेवढ्यात सिया हिने जांभई देत विचारले, की पहाटे नक्की कोण उठतं? ग्रेसच्या खांद्याला सॅक्सोफोनची पेटी लटकत होती. चहा संपायच्या आत सगळा उलगडा झाला. त्या फ्लॅटमधल्या एकाही मुलीने स्वतःची प्रश्नावली भरलेली नव्हती. आपल्या पद्धतीने मुली जुळवल्याच नाहीत, ताई. बाप जुळवले.

मुलींनी एकमेकींकडे पाहिले आणि त्या खदखदून हसल्या. अर्जदारही हसला, कारण त्याला वाटले विषय संपला.

६. विषय संपला नाही. बापांनी त्याच दिवशी व्हॉट्सॲप ग्रुप काढला, 'क्वायट फ्लोअर डॅड्स' नावाचा. यात एकही मुलगी नाही. मुरलीधर यांनी फ्रिजच्या कप्प्यांची वाटणी करून तक्ता टाकला, त्यात वरचा कप्पा सियाला. का? तर म्हणे दही वर चांगले लागते. मिस्टर ओकोरो यांनी सुक्या मासळीचा मुद्दा काढला. मुरलीधर यांनी सुक्या मासळीला स्वतंत्र फ्रिज हवा असे सुचवले. त्यावर मिस्टर ओकोरो यांनी हिंगाच्या वासाविषयी जे लिहिले, ते अर्जदार येथे देऊ इच्छित नाही, पण त्यात तथ्य आहे. अर्जदाराने समेट घडवण्यासाठी फक्त एवढेच विचारले, की शांत मजल्यावर कुकरच्या शिट्ट्या चालतील का. त्यावरून जे महाभारत पेटले ते विचारू नका. मुरलीधर ग्रुप सोडून गेले, परत आले, पुन्हा गेले. बेसिंगस्टोकहून त्यांचा फोन आला, की तुमच्या मुलीला कुकर हवा असेल तर तिने सुती कापड गुंडाळून लावावा. ताई, मुलींनी अजून त्या फ्लॅटमध्ये पाऊल ठेवलेले नाही. कुकर अर्जदाराच्या घरी ओट्यावर आहे. आणि तनयाला कुकर लावताही येत नाही!

७. ही सारी हकीकत तनयाला कुणी सांगितली ते अर्जदाराला माहीत नाही. बहुधा सियाने आपल्या वडिलांचा फोन पाहिला असावा. तनया बेकरीतून आली, अंगावर पीठ तसेच, आणि अर्जदारापुढे उभी राहिली. ती ओरडली असती तर बरे झाले असते. ती जे बोलली ते अर्जदार जसेच्या तसे नोंदवीत आहे: "बाबा, तू मला नाही, तुला हवी तशी एका मुलीला तिकडे पाठवलंस. मग तिलाच जाऊ दे ना. मी स्कॉटलंडला जाते." आणि खोलीचे दार लावून घेतले. आपटले नाही, नुसते लावले.

सुप्रभा हॉस्पिटलमधून दमून आली होती. तिने सगळे ऐकून घेतले, गार झालेली पोळी तशीच खाल्ली आणि एवढेच म्हणाली, "अंबरीश, तुला मुलगी हवी आहे की फ्लॅट?" दोन्ही ऑफर्सपैकी एक नक्की करण्याची मुदत आता उंबऱ्याशी आली आहे. शांत मजला कायम राहिला तर तनया आपल्या प्रोग्रॅमला नकार कळवणार, ही काळ्या दगडावरची रेघ. ऑनर्स जाईल याचे दुःख अर्जदाराला आहेच. लोकांना काय सांगायचे, हाही प्रश्न आहे. पण खरे सांगायचे तर मुलगी रुसून स्कॉटलंडला गेली, या कल्पनेने अर्जदाराच्या घशाखाली घास उतरत नाही.

८. सबब, सदर विद्यार्थिनी शांत मजल्यास सर्वथा नालायक आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर येऊन पडली आहे. स्वतःच्या लेकीविरुद्ध पुरावा देण्याची वेळ कुणावर येऊ नये. परंतु इलाज नाही.

तनया शांत नाही. ती बाथरूममध्ये गाते आणि तिचा सूर लागत नाही. लहानपणी तिला गाण्याच्या क्लासला घातले होते, तिथल्या बाईंनी महिन्याभरात हात टेकले. ती टेबलावर बोटांनी ताल धरते. अर्जदाराची ऑफिसची मीटिंग चालू असतानाही धरते, आणि पलीकडून बेंगलोरचे लोक विचारतात, की तुमच्याकडे दुरुस्तीचे काम चालू आहे का. ती टोस्ट करपवते, स्मोक अलार्म वाजतो, मग ती उशी घेऊन त्याच्याखाली नाचते. ती स्वच्छही नाही. तिच्या खोलीतून परत आलेल्या कपांना अर्जदार ओळखतसुद्धा नाही. सुट्टीत ती दुपारी उठते, आणि उठल्या उठल्या भुकेने घर डोक्यावर घेते.

आणि ती हसते. हा मुद्दा आपण अवश्य विचारात घ्यावा. ती फोनवर मैत्रिणींशी बोलताना अशी हसते, की शेजारच्या मिसेस डॉसन भिंतीवर टकटक करतात. म्हाताऱ्या बाई आहेत, त्यांचे बरोबर आहे. अर्जदार तिला दरवेळी ओरडतो, "तनया, हळू!" पण बंद दारातून, भिंतीतून ते हसणे ऐकू आले, की अर्जदार खालच्या खोलीत टीव्हीचा आवाज कमी करतो. हे त्याने आजवर कुणाला सांगितलेले नाही. सप्टेंबरनंतर मिसेस डॉसनना टकटक करायचे कारण उरणार नाही. घर अगदी नियमात बसेल, शांत आणि स्वच्छ. तेव्हा ताई, शांत मजला अर्जदाराच्या घरीच तयार होतो आहे, आपल्याकडे वेगळा कशाला हवा?

९. एक बाब प्रकरणाच्या पूर्णतेसाठी नमूद करतो. अर्जदार स्वतः कधी होस्टेलवर राहिला नाही. त्याच्या कॉलेजचा फॉर्म दादांनी, म्हणजे कै. चंद्रशेखर यांनी, सुवाच्य अक्षरात भरला होता. कॉलेज घराजवळचे, शाखा इंजिनिअरिंगची, छंद वाचन. सही तेवढी अर्जदाराची. अर्जदाराला तेव्हा नाटकात काम करायचे होते, पण छंदाच्या रकान्यात वाचन आधीच बसलेले होते. दादांविषयी तक्रार नाही, त्यांनी जीव ओतून भरला होता. फक्त त्या दिवशी तनया पीठ लागलेल्या अंगाने समोर उभी असताना अर्जदाराला आठवले, की आपल्याला तेव्हा असे उभे राहता आले नव्हते. त्याला तिचा राग आला नाही. अभिमान वाटला, आणि लगेच रडू आले, म्हणून तो कुकर घासायला गेला.

१०. तरी मायबाप सरकारने, म्हणजे आपण, कृपावंत होऊन,

अ) तनयाला वरच्या मजल्यावर, जिथे पॅनकेक करपतात तिथे, जागा द्यावी. ट्रंबोनच्या शेजारची खोली शिल्लक असल्यास तिचा प्राधान्याने विचार व्हावा.

आ) प्रश्नावलीतील अर्जदाराची सर्व उत्तरे रद्द समजावीत. शाकाहारी तर तत्काळ.

इ) बाकीच्या मुलींच्या वडिलांचेही असेच अर्ज येतील, ते एकत्रच निकाली काढावेत. मुरलीधर आणि मिस्टर ओकोरो यांचे एवढ्या एकाच गोष्टीवर एकमत झालेले आहे, ते टिकेल याची खात्री नाही, म्हणून घाई करावी. तो शांत फ्लॅट रिकामा पडला, तर एखाद्या शनिवार-रविवारी आम्हा वडील मंडळींना भाड्याने मिळेल काय, अशी ग्रुपवर विचारणा आहे. आम्ही खरोखरच लवकर झोपतो. फ्रिजचा प्रश्न आम्ही सोडवू.

ई) शेवटची विनंती अर्जदार मन घट्ट करून करीत आहे. तनयाच्या नव्या खोलीचा क्रमांक अर्जदाराला कळवू नये. तो विचारील. तो आतेबहिणीची ओळख काढील, चिवडा पाठवील, मिरजेच्या भडंगाचा विषय काढील. नंबर नको, नुसती खिडकी कोणत्या बाजूला आहे तेवढे सांगा, असेही म्हणेल. तो फोनवर रडवेला झाला तरी आपण बधू नये. त्याला तोच आपला कायदा सांगावा, की मुलगी सज्ञान आहे. त्याला तो हळूहळू पटेल.

हा अर्ज कायद्याने तनयाकडूनच यायला हवा, हे आता अर्जदाराला कळलेले आहे. म्हणून तो हा अर्ज टाइप करून तिच्या दाराखालून आत सरकवीत आहे. शेऱ्याची जागा कोरी ठेवली आहे. कोरी ठेवताना हात शिवशिवला, पण ठेवली.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
आपला नम्र,
अंबरीश चंद्रशेखर उकिडवे
वॉटफर्ड, २७ मे

सोबत: १) तनयाचा एक फोटो, हसतानाचा, पुरावा म्हणून.
२) चिवड्याचा डबा. ही भेटवस्तू नसून या अर्जाचे जोडपत्र आहे. कृपया परत करू नये.

विद्यार्थिनीचा शेरा (स्वहस्ते):

हाय वैजयंती, मी तनया. अर्ज मी सगळी वाचली, खूप वेळ लागला, दोन ठिकाणी आईला विचारलं. आपली ईमेल तर सोमवारीच झाली ना. मी दोन लाइन लिहिली, तुम्ही येस म्हटलं, वरचा मजला मिळाला. स्कॉटलंडला मी नो कळवून टाकली आहे. बाबाला अजून सांगितलं नाही. तो रोज ऑफिसमधून येऊन इतका मनापासून हे लिहीत होता, मला मध्ये थांबवायला नाही आवडलं. पाकीट मीच चिकटवते आहे, म्हणजे तो हे वाचणार नाही.

ही अर्ज प्लीज फेकू नका. फाइलमध्ये ठेवा आणि एक कॉपी मला द्या. तो टीव्हीचा आवाज कमी करतो हे मला माहीत नव्हतं.

रूम नंबर तुम्ही त्याला नका सांगू. मी सांगेन.